नऊ ग्रॅम पाण्याची सर्वसाधारण सभा

नऊ ग्रॅम पाण्यात किती मोल असतात, हे आमच्या घरात बहुमताने ठरलं. तीन विरुद्ध शून्य, एक तटस्थ.

या प्रकाराची जबाबदारी माझी आहे, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. (नाही केलं तर वृषाली, म्हणजे माझी बायको, स्वतः लिहायला बसेल, आणि ती माझ्यापेक्षा बरं लिहिते.) मुलुंड पूर्वेला आमची चार मजली सोसायटी आहे आणि मी तिचा गेली नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. मला कोणी हौसेने निवडून दिलं असं नाही. ज्या सभेत निवडणूक होती, त्या सभेला वेळेवर पोचलेला मी एकटाच होतो! तेव्हापासून आम्ही रीडेव्हलपमेंटची वाट बघतोय. तोवर प्लॅस्टर कोणाच्या टाळक्यात पडू नये म्हणून बिल्डिंगला हिरवी जाळी गुंडाळली, तिलाही आता दोन वर्षं झाली. त्यामुळे घरात भर दुपारी अंधार, आणि जो काही उजेड येतो तो हिरवा. त्या उजेडात आम्ही सगळेच आजारी दिसतो. त्या महिन्यात तर तसे होतोही.

कारण मिनू. आमची एकुलती एक मुलगी, अकरावी सायन्सला. पहिल्या युनिट टेस्टमध्ये तिला केमिस्ट्रीत पंचवीसपैकी सहा मार्क पडले. पेपर हातात घेऊन ती घरी आली, चपला काढल्या आणि चपलांच्या स्टँडशेजारीच लादीवर बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला थोडंफार येतं. गप्प बसलेल्या माणसापुढे माझी बोबडी वळते. म्हणून मी म्हटलं, "अगं, सहा म्हणजे काही शून्य नाही." वृषालीने माझ्याकडे असं पाहिलं की मी ताबडतोब बाल्कनीत जाऊन जाळीची भोकं मोजू लागलो.

चार दिवसांनी मिनूने कॉलेजातून एक फॉर्म आणला. सायन्स सोडून कॉमर्सला जाण्याचा. खाली पालकांची सही, आणि शेवटची तारीख येता मंगळवार. तिने तो फ्रिजवर लावून ठेवला, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

"तुला सायन्स सोडायचंय?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला येत नाही ना, बाबा. येत नाही तर सोडायला नको?"

मी तो फॉर्म गॅसवाल्याच्या नंबराखाली सरकवला. आता यात माझा स्वार्थ नव्हता असं म्हणणार नाही. मी स्वतः बी.कॉम., तेही रखडत. 'मुलगी सायन्सला आहे' हे वाक्य मी जिन्यात इतक्यांदा ऐकवलं होतं, की पहिल्या मजल्यावरची मंडळी माझी चाहूल लागली की दार लावून घ्यायची. पण नुसतं तेवढंच नव्हतं. ही पोरगी सात वर्षांची असताना हळदीच्या पाण्यात साबण कालवून ते लाल होतं का, हे बघत बसायची. (होतं! माझ्या आईच्या पांढऱ्या साडीवर तो शोध कायमचा नोंदला गेलाय.) तिला हेच करायचं होतं, दुसरं काही नाही. आणि आता तीच, फळ्यावरची सूचना वाचल्यासारखं सांगत होती, मला येत नाही.

केमिस्ट्रीच्या मॅडम मात्र शहाण्या. त्यांनी मिनूला दहा गणितं दिली आणि म्हणाल्या, "घरी शांतपणे बस, स्वतः सोडव, सोमवारी मला दे. मग फॉर्मचं ठरवू." त्यातला 'स्वतः' हा शब्द मिनूने आम्हाला दोनदा सांगितला होता. आम्ही दोन्ही वेळा मान हलवली होती.

रविवारी सकाळी दहा वाजता खाली पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती. आले कोण? मी, माझा मोठा भाऊ आणि एक मांजर. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब केली. अर्ध्या तासाने मांजरही निघून गेलं. तीन पानांचा अजेंडा तयार करून आलेला माणूस एकही ठराव न करता घरी परतला, की तो फार धोकादायक असतो. आणि माझ्याबरोबर दादा होता. दादा आमच्याच वर, तिसऱ्या मजल्यावर राहतो. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाला, लगेच सरकारी कचेरीत चिकटला आणि पुढची पस्तीस वर्षं फायलींवर शिक्के मारले. पण आमच्या खानदानातला एकमेव शास्त्रज्ञ तोच!

वर आलो तर मिनू जेवणाच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली. दहाही गणितं सोडवून झाली होती. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच पोरीच्या तोंडावर जरा तजेला दिसत होता.

"झाली?" मी विचारलं.

"झाली. आता फक्त एकदा नजर टाकते."

"तू कशाला? आम्ही आहोत ना," दादा म्हणाला आणि त्याने खिशातून चष्मा काढला.

इथे मी त्याला वर पाठवून द्यायला हवं होतं. त्याऐवजी मी खुर्ची ओढली आणि सवयीने सभेची वही उघडली. आमच्याकडे ही पद्धतच पडून गेलीय. गणपतीच्या मखराचा रंग, दिवाळीला मालवण की नाशिक, टीव्ही कुठल्या भिंतीवर, सगळं ठराव मांडून, सूचक-अनुमोदक घेऊन, हात वर करून ठरतं. त्यामुळे घरात भांडणं होत नाहीत, असं मी अभिमानाने सांगत असे.

पहिलं गणित. नऊ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल? (मोल हे केमिस्ट्रीवाल्यांचं मोजमाप, आपल्या डझनासारखं.) मिनूचं उत्तर होतं, अर्धा.

"अर्धा?" दादाच्या भुवया वर गेल्या. "पाण्याचा आकडा अठरा. नऊ गुणिले अठरा. एकशे बासष्ट!"

"काका, भागायचं असतं. नऊ भागिले अठरा."

"आमच्या वेळी गुणायचे."

सोफ्यावर लसूण सोलत बसलेली माझी आई आतापर्यंत ऐकत होती. आई मूळची कुडाळकडची. मुलुंडला येऊन पन्नास वर्षं झाली, तरी तिची भाषा अजून तिकडेच राहते. ती म्हणाली, "अर्ध्यां कोणाक वाढूचां नसतां गो. पाणी मागल्यान आणि अर्धो पेलो दिलो, तर लोक काय म्हणतले?"

"आजी, हे वाढायचं नाहीये!"

"न वाढूचां आसा तर मोजतास कित्याक?"

मी टेबलावर पेन आपटलं आणि ठराव मताला टाकला. नऊ ग्रॅम पाण्यात एकशे बासष्ट मोल असतात. सूचक दादा, अनुमोदक आई. आईने लसणीसकट हात वर केला, दादाने केला, मीही केला. (मला दोन्हींतलं काही कळत नव्हतं, पण बी.एस्सी.च्या विरोधात बी.कॉम.ने कसं जायचं?) वृषाली स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होती. तिचे हात वर करण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून तिची नोंद तटस्थ अशी केली. मिनूनेही हात वर केला, विरोधात.

"तुला अठरा पूर्ण नाहीत," मी म्हणालो. "उपविधींप्रमाणे मत नाही."

मी गंमत केली होती. ती हसली नाही, आणि ती हसली नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. तिने आपल्या उत्तरावर एक सरळ रेघ मारली. (मॅडमचा नियमच तसा, खोडायचं तर एकच रेघ, गिचमिड केली की मार्क जातात.) शेजारी लिहिलं, एकशे बासष्ट.

दुसरं गणित अमोनियाचं. डावीकडे नायट्रोजन आणि हायड्रोजन, उजवीकडे अमोनिया, दोन्ही बाजू सारख्या करायच्या. मिनूने नायट्रोजन एक, हायड्रोजन तीन आणि अमोनिया दोन असं मांडलं होतं. ती ते मोठ्याने वाचायला गेली, हीच तिची चूक. आईच्या हातातली लसूण खाली पडली.

"तीन? तीन कित्याक घातलंस? तीन तिगाडा, काम बिगाडा! पानात तीन पोळ्यो वाढीत नाय आम्ही. चार घाल."

"आजी, चार घातले तर डावीकडे आठ हायड्रोजन होतात आणि उजवीकडे सहाच राहतात. दोन जास्त होतात!"

"असू दे की," दादा म्हणाला. "हायड्रोजन हलका वायू आहे. दोन उडून जातील."

"उरलां तर उरलां, पण कमी पडूक नको," आईने समारोप केला.

लग्नकार्यात आमच्या घरी आजवर कधी काही कमी पडलेलं नाही, या पुण्याईवर तो ठरावही मंजूर झाला. मिनूने रेघ मारली.

तिसऱ्यात अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजन आणि चार ग्रॅम हायड्रोजन दिला होता आणि किती अमोनिया तयार होईल ते काढायचं होतं. मिनूने लिहिलं होतं, साडेबावीस ग्रॅमच्या जरा वर. दादा म्हणाला, "अठ्ठावीस आणि चार बत्तीस होतात. बाकीचे साडेनऊ ग्रॅम गेले कुठे?"

"हायड्रोजन आधी संपतो ना, काका. नायट्रोजन उरतो."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वृषालीचा आवाज आला, "बरोबर आहे तिचं! मोदक करताना उकड संपली आणि सारण उरलं, तर मोदक उकडीइतकेच होणार ना?"

"एक्झॅक्टली, आई! तेच!" मिनू एकदम ताठ बसली. तो क्षण मला अजून दिसतो. तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण माझी आई थांबणारी नव्हती. "उरलां म्हणान सारण टाकून दितलंस? त्येच्यो करंज्यो कर!"

मग करंज्यांवर चर्चा सुरू झाली. ती अर्धा तास चालली. २०१० च्या गणपतीत सारण कोणामुळे उरलं होतं इथपर्यंत ती गेली. (वृषालीमुळे, असं आईचं म्हणणं. उकड आईने मोजली होती, असं वृषालीचं.) शेवटी आमच्या घरात काहीही वाया जात नाही, सबब बत्तीस ग्रॅम, असा ठराव झाला. वृषाली पुन्हा तटस्थ, यावेळी रागाने.

असं करत करत आम्ही आठ गणितं निकालात काढली. शेवटची दोन राहिली, कारण कालवण तयार झालं. मी उपस्थितांचे आभार मानून सभा संपवली. मला मनापासून वाटत होतं की आज आपण पोरीसाठी काहीतरी केलं. ती जेवायला आली नाही. भूक नाही म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी मिनू घरी आली. दहापैकी दोन. तिने फ्रिजवरचा फॉर्म काढला, माझ्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"सही कर, बाबा."

"अगं, पण..."

"कर ना, प्लीज."

मी सही केली. आतापर्यंत हजारो कागदांवर केली आहे, पण वरचा मजकूर दोनदा वाचून केलेली ती पहिलीच. वृषाली आत जाऊन पडली. आईने देवापुढे दिवा लावला आणि तशीच बसून राहिली. हिरव्या अंधारात चार माणसं चार कोपऱ्यांत, आणि कोणी टीव्ही लावायलाही उठेना.

मंगळवारी मिनूला कॉलेजात तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून फॉर्म घेऊन मी गेलो. स्टाफरूममध्ये मॅडम भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आवाज हळू. समोर मिनूची उत्तरपत्रिका होती.

"बसा. मीच फोन करणार होते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवतेय, पण नवव्या गणितापासून अचानक केमिस्ट्री यायला लागलेली मुलगी मी पहिल्यांदा बघतेय."

"म्हणजे?"

"पहिली आठ चूक, शेवटची दोन बरोबर. आणि ती दोनच सगळ्यांत अवघड होती. म्हणून आज मी रेघ मारलेली उत्तरं वाचली." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "आठही बरोबर आहेत. पद्धतीसकट. ही बदलली कोणी?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"एकशे बासष्ट मोल म्हणजे किती पाणी, माहितीये?" मॅडमनी विचारलं. "जवळजवळ तीन लिटर. दोन चमचे पाण्याचं तीन लिटर केलंत तुम्ही."

(आमच्याकडे पाणी सकाळी एक तास येतं. एवढ्या संकटातही माझ्या मनात आलं, की हे जमलं तर पुढच्या सभेत मांडायला हरकत नाही!)

"घरी... बहुमताने झालं ते," मी म्हणालो.

मग मला सगळं सांगावं लागलं. सूचक, अनुमोदक, तीन पोळ्या, करंज्या. मला वाटलं होतं त्या हसतील, निदान वातावरण हलकं होईल. त्या हसल्या नाहीत.

"आणि तिचं मत?"

"तिला अठरा पूर्ण नाहीत," मी म्हणालो. माझंच वाक्य मला स्टाफरूममध्ये ऐकू आलं आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मॅडमनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "चार वाजेपर्यंत ऑफिस उघडं आहे. तिलाच विचारा. तिलाच, हं."

मी रिक्षाने घरी निघालो. वाटेत मला अगदी उत्साह आला होता. दारातूनच ओरडलो, "मिनू! तुझी सगळी बरोबर होती! दहाच्या दहा!"

मला वाटलं ती उडी मारेल. ती खाटेवर बसली होती, तशीच बसून राहिली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"वाटलं होतं? मग खोडलीस कशाला?"

"तुम्ही तिघं इतक्या खात्रीने बोलत होता, बाबा. आणि मला सहा मार्क. माझ्या खात्रीला काय अर्थ?"

इतकं वाईट मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही निकालाला वाटलं नव्हतं, आणि माझे निकाल काही साधेसुधे नव्हते. वडलांनी मला आयुष्यात दोनदा मारलं, दोन्ही वेळा गणितावरून. पण हे काम मी हात न उगारता, वही उघडून, हसत-खेळत केलं होतं. आई सोफ्यावरून हळूच म्हणाली, "चुकलां गो बाय माझां. तीन तर तीन." तोवर दादाही खाली आला होता. वाईट बातमी आमच्या जिन्यात लिफ्ट नसतानाही भरभर चढते. तो बसला, "आमच्या वेळी..." असं म्हणाला आणि आपणहून थांबला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा!

मी फॉर्म मिनूजवळ ठेवला. "तू ठरव," म्हटलं. ती फॉर्म घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आम्ही चौघं. घड्याळात अडीच, मग तीन, मग साडेतीन. मी दोनदा उठलो, दोन्ही वेळा वृषालीने शर्टाला धरून खाली बसवलं. चार वाजून गेले. पाच मिनिटांनी मिनू बाहेर आली, पाणी प्यायली.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रॅक्टिकलचा पांढरा कोट इस्त्रीला काढला, तेव्हा आम्हाला कळलं. वृषाली बाथरूममध्ये जाऊन रडली. मी ऑफिसला जायला निघालो आणि खाली पोचल्यावर लक्षात आलं, की पायांत एक चप्पल माझी आहे आणि एक आईची.

त्यानंतरचे दोन महिने मात्र वाईट गेले. मिनू अभ्यासाला बसली की आम्ही तिघं चोरपावलांनी वावरायचो. घरात केमिस्ट्रीचं नाव कोणी काढायचं नाही, हे न ठरवताच ठरलं होतं. दादा खाली यायचा तो हवापाण्यावर बोलायचा, आणि पाणी शब्द आला की हवेवर जायचा. मिनू माझ्याशी नीट बोलायची, पण विचारायची काही नाही. पूर्वी दिवसाला दहा प्रश्न असायचे, 'बाबा हे काय, बाबा ते कसं.' ते बंद झाले. वहीतल्या रेघेपेक्षा मला ते जास्त लागलं. मी आपला बाल्कनीत जाऊन बसायचो.

दुसऱ्या टेस्टच्या आदल्या दिवशी ती बाल्कनीत आली. (माझा चेहरा बघवेना म्हणून आली होती, हे वृषालीने मागाहून सांगितलं.)

"बाबा, एक डाउट आहे. अ‍ॅसिड पातळ करताना अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, की पाणी अ‍ॅसिडमध्ये?"

दोन महिन्यांनी पहिला प्रश्न! मी घाई केली नाही, चांगला विचार केला. मग म्हणालो, "हे बघ, आमटी घट्ट झाली तर आपण काय करतो? आमटीत पाणी घालतो. पाण्यात आमटी ओतताना कोणी पाहिलंय? तेव्हा पाणी अ‍ॅसिडमध्ये. डोळे मिटून लिही."

"थँक्स, बाबा," ती म्हणाली आणि गेली. त्या रात्री मी दोन वेळा भात घेतला.

आठवड्याने निकाल लागला. पंचवीसपैकी एकवीस! मी पेपर हातात घेतला, पण बघितला नाही. नुसतं विचारलं, "तो अ‍ॅसिडचा प्रश्न आला होता?"

"आला होता ना. पूर्ण मार्क."

"बघ! मी सांगितलं होतं की नाही?"

"हो ना, बाबा. मला दोन्हींत जाम कन्फ्युजन होतं. पण तू पाणी अ‍ॅसिडमध्ये म्हणालास आणि माझी एकदम खात्री पटली. मी बरोब्बर उलटं लिहिलं."

तेव्हापासून प्रत्येक परीक्षेआधी ती न चुकता माझ्याकडे एक शंका घेऊन येते. मी नीट विचार करतो, अगदी मनापासून उत्तर देतो, आणि अभिमानाने सांगतो, माझ्या उत्तराने तिला आजवर एकदाही दगा दिलेला नाही.